हल्ली मु. हैदराबाद

भोर,
५ डिसेंबर २०२५

सोमनाथ,

आधी ‘चि.’ लिहिलं होतं, ते खोडलं. चाळिशीतल्या माणसाला चिरंजीव म्हणायचं आणि त्यानं आपला नंबर ब्लॉक करून ठेवायचा, हे काही जुळेना. आशीर्वाद मात्र खोडत नाही. मोठ्या बहिणीचे आहेत, घ्यायचे तेव्हा घे.

फोन लावला की ती बाई ‘व्यस्त आहे’ म्हणून सांगते. दोन वर्षं माणूस व्यस्त असू शकतो हे मला तिच्याकडून कळलं. म्हणून पत्र. तालुक्याचं नाव आता राजगड झालं म्हणे, पण पत्त्यावर माझ्या हातून वेल्हेच लिहिलं जातं. मार्गासनी तर तिथंच आहे, पोहोचेल.

सांगायचं ते असं, की आमची कंपनी इथली बंद होतेय. सारोळ्याचा पूल ओलांडून मी रोज जाते ती, गोळ्या-औषधांची. मार्चअखेर कुलूप लागेल. आम्हा कायम लोकांना सांगितलंय की हैदराबाद, इंदूर नाही तर अहमदाबाद, यांपैकी एक निवडा आणि जानेवारी संपायच्या आत कळवा. नाही तर हिशोब घेऊन घरी बसा. ‘घरी बसा’ म्हणताना साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला घर आहे की नाही, त्यांना काय माहीत म्हणा.

ऑफिसात सध्या दुसरा विषय नाही. कुणी बायकोला विचारतंय, कुणी सासऱ्यांना, कुणाच्या मुलाची दहावी आहे. माझ्या टेबलाशी येऊन सगळे एकच म्हणतात, “मॅडम, तुमचं बरंय, तुम्हाला कुणाला विचारायचं नाही.” हे ‘तुमचं बरंय’ मी नोकरीला लागल्यापासून ऐकतेय. विचारायला कुणी नसणं आणि विचारावं न लागणं यांत फरक आहे, तो त्यांना समजावत बसायचा आता कंटाळा येतो.

एक मात्र नक्की केलंय. जिथं जाईन तिथं घर विकत घेईन. भाड्याच्या खोल्या पुरे झाल्या. भोरात मी चौथ्या खोलीत आहे आणि प्रत्येक मालकानं पहिला प्रश्न ‘एकट्याच का’ असा विचारलाय. बँक कर्ज द्यायला तयार आहे, पण माझं वय बघता आता नाही तर कधीच नाही असं त्यांचं म्हणणं, आणि माझंही.

मार्गासनीचं घर आहे की, असं तू म्हणशील. म्हणशील का, हेच मला माहीत नाही. तात्या गेल्यावर तू मला तहसिलात बोलावलंस, हक्कसोडीवर सही करायला. आपल्याकडे बहिणी करतात सही. भावाच्या नावावर जमीन सोडतात, मग माहेर चालू राहतं, दिवाळीला साडी येते. मी केली नाही. तू म्हणालास, “आक्का, तुला काय करायचीया जमीन?” मी म्हणाले, मला काही करायचं नाही, माझं नाव राहू दे. तुला ते खरं वाटलं नाही. वहिनीलाही नाही. अरे, लग्न झालेल्या बाईचं नाव दोन घरांत असतं. माझं त्या सातबाऱ्यावर आहे, तेवढंच. तेव्हा हेच सांगितलं होतं, आजही हेच सांगते. सही करणार नाही.

आणखी एक. माळ्यावरच्या पेटीतली भांडी नंदिनीच्या लग्नाला काढ. तात्या दर वर्षी भात विकला की भोरच्या बाजारातून माझ्या लग्नासाठी एकेक भांडं आणायचे, ती. त्यांच्यावर नाव घालायचं राहिलं ते राहिलंच. पोरीच्या भांड्यावर सासरचं नाव घालायचं असतं आणि ते काही ठरलं नाही. आईनं जुन्या लुगड्यांत गुंडाळून ठेवली आहेत, कोरी आहेत, तुझ्या लेकीला चालतील. मला नकोत. मी लांब गेल्यावर आक्काचं सामान अडकलंय असं तुला वाटायला नको, म्हणून लिहिलं.

आईची गुडघ्याची गोळी संपत आली असेल. वहिनीला सांग.

सुलक्षणा

&nbsp;

भोर,
१६ डिसेंबर २०२५

सोमनाथ,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी दोनदा पोस्टमनला विचारून झालं.

अहमदाबाद मी न बघताच सोडलं. आमच्या हिशोब खात्यातला कुमार जाऊन आला. तो म्हणाला, त्यानं बघितली त्या सोसायटीत अंडंसुद्धा चालत नाही. सुकट नाही म्हटल्यावर मी पावसाळा कसा काढायचा? तू हसला असशील तर बरं. तात्यांच्या मागून सुकटीची हांडी चाटणारी आपण दोघंच होतो.

इंदूरला मात्र स्वतः जाऊन आले. शहर चांगलं आहे, स्वच्छ आहे, माणसं गोड बोलतात. दलाल पोरगा गोरागोमटा, काळा चष्मा लावलेला. पहिला फ्लॅट दाखवून म्हणाला, “सर कब आएँगे देखने?” मी म्हटलं, सर नहीं हैं. त्यानं चष्मा काढला आणि इतका दुःखी चेहरा केला की मलाच त्याचं सांत्वन करावंसं वाटलं. त्यानंतर तो मला फक्त तळमजल्याची घरं दाखवत होता. का ते मी विचारलं नाही. एकट्या बाईनं वर चढू नये असं असेल काही.

घर बघायची माझी एक रीत आहे, ती तुला सांगते. नळ, भिंती, उजेड हे सगळे बघतात. मी संध्याकाळी त्या इमारतीखाली भाजीवाल्याशेजारी जाऊन उभी राहते. एकटी बाई पिशवी घेऊन फाटकातून आत गेली की किती माना वर होतात ते बघते. इंदूरला दोन इमारतींखाली उभी राहिले. एकटी बाई आलीच नाही, त्यामुळे माना वर झाल्या त्या माझ्यासाठीच.

घरमालकीण सौदामिनीबाईंना हे सांगितलं. कोर्टातल्या हेडक्लार्कच्या पत्नी, पाच वर्षांपूर्वी ते गेले, मुलं परदेशी. चांगली बाई आहे, फक्त सल्ला द्यायची हौस. म्हणाल्या, “अहो, पुण्यात घ्या. नोकरी काय, मिळेल दुसरी. आजारी पडलात तर आपली माणसं तासाभरात येतील.”

मी म्हटलं, “आपली माणसं इथून पाऊण तासावर आहेत. ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला तेव्हा कुठं आली?”

त्या आत चहा टाकायला गेल्या. मी तरी काय बोलले, तुम्हाला कळवलंच नव्हतं. दवाखान्यात ‘सोबत कोण’ विचारलं तेव्हा मी सौदामिनीबाईंचं नाव सांगितलं. सलाईन चालू असताना त्यांनी मला मऊ भात भरवला. हे तुला सांगायचं नव्हतं, लिहिता लिहिता लिहून गेलं. आता खोडत नाही.

पुढच्या आठवड्यात हैदराबादला जातेय. नाही आवडलं तर काय करायचं ते ठरवलेलं नाही.

सुलक्षणा

&nbsp;

हैदराबाद,
२९ डिसेंबर २०२५

सोमा,

लॉजवर बसून लिहितेय. खाली कुणाचं तरी लग्न आहे, बॅंड वाजतोय.

घर मिळालं. बाचुपल्ली म्हणून भाग आहे, कंपनीपासून बसनं जवळ. तिसरा मजला, दोन खोल्या, ओटा जरा बुटका आहे पण मीही कुठं उंच आहे. सोसायटीची सेक्रेटरी बॅंकेतून निवृत्त झालेली तेलुगू बाई, तिचं हिंदी माझ्याहून वाईट. तिनं विचारलं, राहणार किती जण? मी नेहमीची तयारी करून, श्वास घेऊन म्हटलं, एक. ती म्हणाली, “एक आदमी, पानी कम. अच्छा है.” आणि मग जरा संशयानं विचारलं की मी पहाटे मोठ्यानं स्तोत्रं लावते का. नाही म्हटल्यावर तिनं मला पापड दिला.

संध्याकाळी भाजीवाल्याशेजारी उभी राहिले. एक बाई आली, स्कूटर लावून आत गेली. मग दुसरी आली, आपल्या आईच्या वयाची, हातात नारळ. कुणाची मान हलली नाही. भाजीवाल्यानं माझ्याकडे बघितलं ते सुट्टे मागायला. गरज नसताना मी त्याच्याकडून मिरच्या घेतल्या, त्या आता इथं लॉजवर टेबलावर पडल्या आहेत. काय करायचं त्यांचं देव जाणे.

गॅलरीतून समोरच्या इमारतीचे वाळत घातलेले कपडे दिसतात. डोंगर एक नाही, नुसते गोल गोल धोंडे. ना राजगड ना तोरणा. तुला वाटेल मला चुकल्यासारखं झालं असेल. नाही झालं. बरं वाटलं. कंपनीतून येता-जाता रोज ते डोंगर लांबून दिसतात आणि रोज वाटतं, त्यांच्या पायथ्याशी आपलं घर आहे आणि आपण जाऊ शकत नाही. इथं काही दिसतच नाही, तर जायचं तरी कुठं.

विसार देऊन टाकला. तेव्हा ठरलं, हैदराबाद.

आता जमिनीचं शेवटचं लिहिते, नंतर लिहिणार नाही. माझा हिस्सा तूच कस. वाटणी मागणार नाही, फार्महाऊसवाल्यांना विक म्हणणार नाही, मेल्यावर तो नंदिनीलाच जाईल. सही मात्र करणार नाही. माझं नाव त्या कागदावर असलं की मी कुठलीतरी आहे असं वाटतं, बाकी त्याचा मला काही उपयोग नाही. तुझी त्यात काय अडचण होते ते मला खरंच कळलेलं नाही.

दमलेय सोमा. शहरं बघून नाही. प्रत्येक दारात ‘एकटीच’ हे हसून सांगून दमलेय. या बाईनं पापड दिला तेव्हा मला रडूच यायला लागलं होतं.

आक्का

&nbsp;

भोर,
१२ जानेवारी २०२६

सोमनाथ,

परवा शनिवारी आपण कापूरहोळला भेटलो. भेटलो म्हणायचं का ते तू ठरव.

मी कंपनीच्या बसमधून उतरून भोरच्या एसटीची वाट बघत होते. तुझा टेम्पो फाट्यावरच्या गॅरेजात जॅकवर चढवलेला. तू बारीक झालायस. कानापाशी पांढरे झालेत. मी तशीच सरळ तुझ्याकडे आले, कारण पाय आले. तू टेम्पोच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहिलास, मी काही उचलून नेईन की काय असा. मेकॅनिकनं चाक बसवता बसवता विचारलं, “पाव्हनं, कोन हायेत ह्या?”

तू म्हणालास, “आमच्या गावच्या हायेत.”

मी इतकी जवळ होते की मला ऐकू आलं नाही असं समजायची सोय नव्हती. मी विचारलं, बरं आहे का. तू ‘व्हय’ म्हणालास. आई? ‘हाय बरी.’ मेकॅनिकनं जॅक खाली सोडला, मागं गोणपाटाखाली काहीतरी खडखडलं, दुधाचे कॅन असतील. तेवढ्यात माझी एसटी आली. खिडकीची जागा मिळाली होती, पण मी दुसरीकडे बघत बसले.

काल आईचा फोन आला. वहिनीच्या मोबाईलवरून, गोठ्यामागून, मागं म्हैस ओरडत होती. वहिनीनंच लावून दिला असणार, तिला त्याबद्दल काही बोलू नकोस.

आई म्हणाली, “लांब चालली म्हनं तू.”

“व्हय आई.”

“किती लांब?”

“एक रात्र लागते रेल्वेनं.”

“म्या मेले तर येळंवर येशील का?”

“विमान असतं आई.”

“इमानात बसून रडत येनार व्हय? समदी बघतील की.” मी विचारलं, सोमा माझी पत्रं वाचतो का. म्हणाली, “पत्रं येत्यात. खिशात घालतो. वाचताना म्या न्हाई बघितला.” आणि ठेवायच्या आधी, “लांब नगं जाऊ बाय. हितंच कुठं तरी बघ.”

तर मी आज हैदराबाद सोडून दिलं. कंपनीत अजून कळवलं नाही, पण मनातून सोडलं. हिशोब घेईन, पुण्यात आंबेगाव-नऱ्ह्याकडे एखादं छोटं घर बघेन, कुठल्या तरी लॅबमध्ये काम मिळेल. विसार गेला तर गेला. सौदामिनीबाईंना सांगितलं तर त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी शिरा केला.

आईसाठी करतेय असं मी सगळ्यांना सांगणार आहे. तुला खरं सांगते. तू पुण्याला येतोस, मार्केट यार्डाला, खतं घ्यायला. कात्रजचा घाट उतरलास की माझं घर रस्त्यातच येईल. कधी तरी पाऊस असेल, टेम्पो बंद पडेल, आणि तू चहाला येशील असं मला वाटतं. गावच्या बाईकडे येतात तसा ये. चालेल मला.

मी बघितलेलं ते घर मनासारखं होतं. ते सोडताना वाईट वाटलं. पण आता या वयात किती ताणायचं, आणि कुणाच्या जिवावर.

आक्का

&nbsp;

भोर,
१७ जानेवारी २०२६

सोमा,

काल संध्याकाळी कामावरून आले तर सौदामिनीबाई दारातच उभ्या. “तुमचे बंधू येऊन गेले,” म्हणाल्या. मी पायरीवरच बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं, दोनदा सांगायला लावलं मी.

तू दुपारी आलास. “सुलक्षणाताई हितंच राहत्यात का,” विचारलंस. आत या म्हटलं तर आला नाहीस. टेम्पोतून एकेक गोणपाट उतरवून माझ्या खोलीच्या दाराशी लावलंस, हळू, आवाज होऊ न देता. त्या म्हणाल्या, “अहो, पण त्यांचं हैदराबादचं रद्द झालंय. पुण्यात बघतायत आता.” संक्रांत मधे आली, माझं पत्र अजून तुझ्यापर्यंत यायचं होतं. तू त्याच पायरीवर बसलास म्हणे. पाणी मागितलंस. पाणी पिऊन म्हणालास, “नाव घातलंया आता. नाव घातल्यालं भांडं दुकानदार बी परत घेत न्हाई.” आणि गेलास.

मी आधी परात काढली. आईच्या हिरव्या लुगड्यात होती, त्याच गाठीत. उजेडाला धरली. काठावर नवीकोरी अक्षरं, मशीननं घातलेली:

सुलक्षणा गेनू वालगुडे, मु. मार्गासनी, हल्ली मु. हैदराबाद.

मग कळशी काढली, मग डबे, ताटं, वाट्या, पेले. सगळ्यांवर तेच. एकही सोडलं नाहीस. चमच्यांवर जागा नव्हती तर ‘सु. गे. वा.’ तेवढं. तो नाव घालणारा काय म्हणाला असेल तुला? दिवसभर त्याच्याशेजारी बसला असशील, तो टर्रर्र करत होता आणि तू पुढचं भांडं पुसून देत होतास. सौदामिनीबाई चष्मा लावून प्रत्येक पेला वाचत होत्या आणि मोठ्यानं ‘हल्ली मुक्काम हैदराबाद’ म्हणत होत्या. मी हसायला लागले आणि मग हसण्याचं रडणं कधी झालं ते कळलं नाही. त्यांनी मला रडू दिलं. मग पुन्हा शिरा करून आणला.

देणाऱ्याचं नाव मी पुन्हा पुन्हा शोधलं. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतंच, ‘यांजकडून सप्रेम भेट’ म्हणून. कुठंच नाही. मग लक्षात आलं की तो आहेर नाहीच. घरच्या भांड्यावर ज्याचं भांडं त्याचंच नाव घालतात.

म्हणजे कापूरहोळला गोणपाटाखाली जे खडखडलं ते हेच होतं. तू भोरला नाव घालायलाच निघाला होतास आणि मी तुझ्यासमोर येऊन उभी राहिले. आणि मेकॅनिकला म्हणालास, गावच्या हायेत. मी तुझ्यावर दोन दिवस जळत होते. पण तू खोटं नव्हतास बोलला. परातीवर तेच घातलंयस, मु. मार्गासनी.

आज सकाळी साहेबांना जाऊन सांगितलं की माझं हैदराबाद. भांड्यांवर घातलंय म्हणून जातेय असं समजू नकोस, कुणी इतकं वेडं नसतं. पुण्याचं घर मी तुझी वाट बघायला घेत होते. आता तशी वाट बघायची गरज उरली नाही, तर मला जे आवडलं तेच घर घेईन. आईला तूच समजाव. सांग तिला, विमानात रडले तर तोंडावर पदर घेईन.

तुझी,
आक्का

&nbsp;

हैदराबाद,
६ एप्रिल २०२६

सोमा,

घर लावून झालं. दारावर पाटी लागली. सेक्रेटरीबाईनं ती मराठीत का म्हणून विचारलं, मी म्हटलं खाली इंग्रजीतही आहे. उन्हाळा फार आहे. कंपनीत सगळे ‘गारू, गारू’ करतात, सुलक्षणागारू, आपल्या ‘बाई’सारखं. ऐकताना अजून हसू येतं. दुकानात काय हवं ते बोट दाखवून मागते. रविवारी दिवसभर कुणाशी बोलत नाही, तेव्हा जड जातं. खोटं कशाला लिहू.

परात रोज वापरते. बाकीची भांडी फळीवर मांडली आहेत, नाव पुढं येईल अशी.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. वास्तुशांत करायची राहिलीय. इथं एक मराठी गुरुजी मिळाले, सोलापूरकडचे. ते म्हणाले पूजेला जोडपं बसतं, तुमच्याकडून कोण बसेल? मी सांगितलं, एकटी आहे. ते म्हणाले अडचण नाही, शेजारी सुपारी ठेवू, चालतं शास्त्राला. शास्त्राला चालत असेल, मला नाही. एवढं सगळं करून स्वतःच्या घरात सुपारीशेजारी बसायचं नाही मला.

तू आणि वहिनी बसा. मी तुमच्या मागं उभी राहून हाताला हात लावीन. मेच्या आठ तारखेचा मुहूर्त निघालाय. पुढं अधिक महिना लागतो, मग होत नाही. भाताचं काम तोवर सुरू झालेलं नसतं, मला माहीत आहे, तेव्हा ती सबब नको. म्हशी चार दिवस शेजारी सांभाळतील. आईला आण. तिला एकदा हे घर दाखवायचंय, किती लांब ते तिचं तिला कळेल.

तुला पत्र लिहायला जमायचं नाही. दहावीनंतर तू भांड्यांशिवाय कशावर काही लिहिलेलं मला आठवत नाही. बोलायलाही नको. मी रोज कामावरून आले की एकदा तुझा नंबर लावते. ती बाई अजून व्यस्तच म्हणते. तेवढा मोकळा कर. घंटी वाजली की मी समजेन आणि तिकिटं काढेन. उचलू नकोस हवं तर.

तुझी,
आक्का

&nbsp;

मु. मार्गासनी, हल्ली मु. हैदराबाद,
१७ एप्रिल २०२६

चि. सोमनाथ यास,

आज फोन लावला तर घंटी वाजली. शेवटपर्यंत वाजली. तू उचलला नाहीस, मीही परत लावला नाही.

तिकिटं काढली आहेत, तिघांची. आईला खालची बर्थ मिळालीय.

आक्का